बाहीर बसायची जागा

आमच्या गावात कोणाच्या घरात काय चाललंय हे कळायला कोणाच्या उंबऱ्याच्या आत जायची गरज न्हवती. घरामागं, गोठ्याच्या भिंतीला लागून, परत्येकाची एक जागा असायची. एक फाटकं पोतं, एक तांब्या, एक वाकळ. बाईला कावळा शिवला की ती तिथं जाऊन बसायची आन् चौथ्या दिशी डोक्यावरून पाणी घेऊन आत यायची. ईरीवर पाण्याला जायची वाट त्याच अंगानं. त्यामुळं कोणाची सून ह्या म्हैन्यात बसली आन् कोणाची न्हाई, हे सगळ्या गावाला तोंडपाठ.

माझी बायकू तिथं बसायचीच न्हाई.

म्हंजी बसायची, पण तिच्या अंगात येईल तवा. दोन-दोन, चार-चार म्हैने कोरडे जायचे. मंग एखाद्या येळंला बसली की उठायची न्हाई. हे सांगताना आताबी माझे कान तापायलेत. बाप्या माणसानं ह्या गोष्टी बोलू न्हाईत. मला अक्षराची वळख न्हाई, मी सांगतोय आन् लिवणारा लिवतोय, आन् तोबी मधीच मान खाली घालतोय.

मी वारीक. म्हंजी न्हावी. गाव आमचं नेकनूरच्या अंगाला, राज्य निजामाचं. चावडीम्होरच्या लिंबाखाली धोकटी सोडायची आन् येईल त्याचं डोकं हातात घ्यायचं. हात चालायचा तसं तोंड चालायचं. लोक हसायचे. मला वाटायचं, मी लई गमत्या माणूस हाय. लई वर्सांनी ध्यानात आलं, गळ्यावर वस्तारा असला की कोणीबी हसतंय.

आमचं लगीन जरा उशिरा झालं. तिला बाप न्हवता, मला रूप न्हवतं. नांदायला आली आन् माझ्या मायच्या ध्यानात आलं, सून बाहीर बसली न्हाई. फुडल्या म्हैन्यातबी न्हाई. मायनं कोणालाच सांगितलं न्हाई. म्हंजी ईरीवर फकस्त एकीला सांगितलं. सांजपस्तोर पाटील मला इचारायले, "काय बे वारका, घरात नवा वस्तारा पाजवायला टाकलास म्हणं?"

म्या त्यांच्या हनुवटीला पाणी चोळत म्हणलं, "मंग तुमच्या नातवांची डोकी कोण करणार, पाटील?"

सगळे हसले. मला वाटलं, झालो मी बाप.

मायनं सुनंला बसवून ठिवलं. घागर उचलू नको, जात्याला हात लावू नको, रानात जाऊ नको. घरच्या म्हशीचं तूप बाजारात जायचं बंद झालं आन् सुनंच्या ताटात यायला लागलं. सकाळी तूप-गूळ, दुपारी शिरा, सांजच्याला डिंकाचा लाडू. तिची आई चोरचोळी घेऊन आली. पोटुशी बाईला पयल्या म्हैन्यांत गपचूप हिरवी चोळी घालतेत, ती चोरचोळी. आमच्या घरात गपचूप काय राहणार? चोळी आली हे म्याच चावडीवर सांगितलं. साखर लेकरू झाल्यावर वाटतेत. मला दम न्हवता, म्या आदीच वाटली.

मंग एका सकाळी राखुंडीनं दात घाशीत घरामागं गेलतो, तर बायकू पोत्यावर. गुडघ्यात तोंड.

म्या इचारलं, "हितं कावून बसलीस?"

तिनं वर बगितलं न्हाई. "तुमाला दिसना का?"

तेवढ्यात ईरीवर निघालेल्या दोघी-तिघी थांबल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. माझ्या तोंडात राखुंडी, ना थुकता येईना ना गिळता येईना. गिळली.

त्या दिशी पाटील म्हणले, "साखर पचली बे आमाला. लेकरू कुठंय?"

गप बसावं का न्हाई? पण गप बसायचं माझ्या अंगात न्हाई. म्या म्हणलं, "पाटील, आमचं लेकरू बीडच्या रेलसारखं हाय. येणार येणार म्हणतेत, आन् येत न्हाई."

चावडी फुटेस्तोर हसले. मलाबी बरं वाटलं. दोन दिसांनी कळलं, ईरीवर बाया माझ्या बायकूला इचारायलेत, "काय गं, रेल आली का?" ती रिकामी घागर घेऊन माघारी आली. ताटात भाकर टाकली ती जरा वरून टाकली, एवढंच.

तुमी म्हणताल, एकदा फसला, दुसऱ्यांदा शाना झाला असंल. कुठला? परत म्हैने कोरडे गेले, परत मायनं तूप काडलं, परत म्या साखर वाटली. आमच्याकडं बाई बाहीर बसली न्हाई म्हंजी पोटुशी, ह्याच्याबिगर तिसरी गोष्टच कोणाला ठावं न्हवती. तिसऱ्या खेपंला साखर घेऊन फिरलो तर लोकांनी हात मागं घेतले. एक म्हातारा म्हणला, "आदी दाखीव, मंग तोंड गोड कर."

तूप खाऊन-खाऊन बायकू अंगानं सुटली. आन् दुसरं एक झालं. तिच्या हनुवटीला केस यायला लागले. लव न्हवं, केस. काळे. ती राख लावून चिमटीनं उपटायची, पदर तोंडावरून खाली येऊ द्यायची न्हाई. मला दिसायचं, मी बगितलं न्हाई असं करायचो. गावच्या सगळ्या हनुवट्या बगणारा माणूस घरातल्या एका हनुवटीकडं बगत न्हवता.

एकदा माय नदीला धुणं घेऊन गेलती. बायकू गोठ्यात आली, धोकटी माझ्याम्होरं ठिवली आन् म्हणली, "सगळ्या गावाचं करता. माझं बी करा."

"काय करू?"

"आता तोंडानं बोलू का?"

पाटलाच्या नरड्यावरून वस्तारा फिरवताना माझा हात कदी हालला न्हाई. त्या दिशी हालला. ती डोळे गच्च मिटून बसलेली. म्हशीनं आमच्याकडं तोंड केलं तर मला म्हशीची लाज वाटली. अर्धं झालं असंल, मला वाटलं कोणतरी आलं, मी दचकलो आन् वस्तारा लागला. रगत आलं. तिनं हळद दाबली. आयुष्यात माझ्या हातून कोणाला कापलं न्हवतं, म्या कापलं ते घरच्या माणसाला.

हळद लावली तरी काप तो कापच. सरळ, बारीक. काट्यानं ओरखडलं तर तसं दिसत न्हाई. ईरीवर बायांनी बगितलं आन् वळखलं, कारण त्यांच्या नवऱ्यांच्या तोंडावर तसले काप त्यांनी जलमभर बगितलेले. माझ्या बापाच्या हातचे. सांजपस्तोर चावडीवर बातमी.

"काय बे, आज वहिनीची बी हजामत केलीस म्हणं?"

"आमाला बी तसली गुळगुळीत कर की."

"दाढीचे दाणे कोण देतं रे? सासू का तूच?"

सुगीला धान्याचं बलुतं मिळतं आमाला, त्यावरून ते. मी हसलो. काय करणार? त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो, म्हंजी त्यांना वाटावं, मला काय लागलं न्हाई. ती लिंबाच्या पल्याडून सरपण घेऊन चालली व्हती. तिनं ऐकलं. म्या हसताना तिला बगितलं आन् हसणं लगेच थांबवताबी येईना, तोंड तसंच उघडं राहिलं.

ह्याच दिसांत मायनं ठरवलं. आष्टीकडं आमच्या नात्यातली एक बाई व्हती, नवरा मेलेली. एक लेकरू झालतं तिला, ते जगलं न्हाई, पण झालतं. माय म्हणायची, "तिची कूस उघडी हाय. म्होतूर लावू." नवरा मेलेल्या बाईचं दुसऱ्यांदा लगीन लागतं ते म्होतूर.

म्या म्हणलं, "माय, एकीचीच दाढी करताना हात कापायलाय."

"हसून लेकरं व्हत न्हाईत, बाबा," माय म्हणली. तिच्या डोळ्यात पाणी. मी एकुलता. माझ्या मागं धोकटी उचलायला कोणी न्हाई, ही तिची काळजी खोटी न्हवती. मी हो म्हणलो न्हाई, न्हाईबी म्हणलो न्हाई. नुसता इनोद केला.

बायकूनं मायला एकच म्हणलं, "आत्याबाई, मोमिनाबादचा हकीम बायांचं बगतो म्हणतेत. एकदा दाखवू द्या. मंग आणा सवत, मी तिची वटी भरीन."

अंबाजोगाईला तवा मोमिनाबाद म्हणायचे, निजामाचा घोडेस्वारांचा रिसाला असायचा तिथं. एका बेपाऱ्याच्या कापसाच्या गाडीसंगं आमी निघालो. तिला थोडं गाडीत बसवलं, थोडं चालवलं. वाटंत मी एवढा बोललो की गाडीवान म्हणला, "मालक, बैलं घाबरायलेत."

हकीम म्हातारा. माझं ध्यान आदी त्याच्या दाढीकडं गेलं, लई चांगली कातरलेली. बायकूला चादरीच्या आड बसवली, हात तेवढा बाहीर. हकिमानं नाडी धरली आन् सगळं मलाच इचारायला लागला. दारात माणसं दाटलेली, त्यात रिसाल्यातले शिपाई.

"म्हैना कब आता?"

म्या म्हणलं, "आता जी. पन उसकी मर्जी से."

शिपाई हसले.

"मूँ पे बालां हैं?"

"हौ जी. मैंच निकालता. मेरा धंदाच वो है."

आता तर मांड्या बडवून हसले. हकीम हसला न्हाई. त्याच्या बोटांत तिचं मनगट व्हतं, ते थरथरायलतं, ते त्याला कळायलतं. त्यानं सगळ्यांना हातानंच बाहीर काडलं. दार लोटलं. मंग मला म्हणला, "तू भी मसखरी बस कर. औरत मर रही शरम से."

मी खाली बगायला लागलो. त्याच्या सतरंजीला एक भोक व्हतं, त्या भोकाकडं.

तो म्हणला, "म्हैना नै आया तो पेट से है, ऐसा कौन बोला तेरे कू?"

"अम्मा."

"अम्मा कू कौन बोला?"

सगळं गावच तसं म्हणतं.

मंग त्यानं थोडं त्याच्या बोलीत, थोडं आमच्या बोलीत समजावून सांगितलं. बाप्यालाच बी असतं असं न्हाई, बाईलाबी असतं. तिच्या पोटात, दोन्ही कुशींना. म्हैन्याला एक बी भरतं, पिकतं आन् सुटतं. लेकरू धरलं तर धरलं, न्हाई तर इटाळ येतो. हिच्यात बी भरायला लागतं आन् अर्ध्यातच अडकतं. त्याच्या शेजारी दुसरं भरायला लागतं, तेबी अडकतं. हुरड्यात आलेलं कणीस तसंच हुबं राहावं, ना पिकावं ना वाळावं, तसं. बी सुटतच न्हाई म्हणून इटाळ येत न्हाई. आन् अंगाचं सगळं गणित बिघडतं म्हणून तोंडावर बाप्यावानी केस येतेत. तो म्हणला, असल्या बाया त्यानं लई बगितल्या. "किसी का गुनाह नै."

चादरीच्या आड ती रडायली. आवाज न्हवता, चादर तेवढी हालायली. तिला पयल्यांदा कोणतरी म्हणलं व्हतं की तुजा गुन्हा न्हाई. ते म्या म्हणायचं व्हतं.

तूप बंद, गूळ बंद, शिरा-लाडू बंद. ज्वारीची न्हाईतर जवाची भाकर, मेथीची भाजी, बडीशेप-जिऱ्याचा काढा. "आन् चला इसकू. बिठाके मत रख." येताना त्यानं मला दारात थांबवलं. "सुन. पैले म्हैना ठीक आना. बराबर आने लगा तो घबराना नको, वोइच खुशखबर है. मंग लेकरू. नक्की व्हईल असं मैं नै बोलता, अल्ला की मर्जी. पन अम्मा कू ये बात बोल. समझा?"

"समझा," मी म्हणलो.

परतताना ती सगळी वाट पायी चालली. केजच्या अलीकडं मला म्हणली, "आत्याबाईंना सांगताल ना, बाहीर बसणं चांगलं म्हणून?"

"सांगतो की."

"इनोद करून न्हाई."

"बरं."

आता तुमीच सांगा, मायला हे कसं सांगायचं? साऱ्या गावाच्या तोंडाला हात लावणारा मी, पण आईम्होरं बायकूच्या इटाळाचं नाव काडायचं? आमच्याकडं पोरगा ते बघूनबी न बगितल्यावानी करतो. म्या तूप-गूळ बंद करायचं सांगितलं, चालवायचं सांगितलं. माय चिडली, "सुनंला उपाशी मारतो का?" म्हणली, पण हकिमाचं म्हणून गप बसली. राहिलेलं सांगायला एकदा चुलीम्होरं जाऊन बसलो.

"माय."

"काय?"

"ते सुनंचं..."

"काय सुनंचं?"

"ती बाहीर..."

"बाहीर काय?"

"बाहीर कुत्रं आलंय," म्हणलो आन् उठलो. कुत्रं न्हवतंच. मायनं लाकूड घेऊन घराभवती चक्कर मारला.

बायकू खुरपणीला जायला लागली, बालाघाटाच्या उताराला लोकांची रानं व्हती तिथं. जाताना चालत, येताना डोक्यावर सरपण घेऊन चालत. काढा प्यायची, कोरडी भाकर खायची. पोळा झाला, आन् ती बाहीर बसली. फुडल्या म्हैन्यात परत बसली. त्याच्या फुडं परत, चंद्र मोजून घ्यावा अशी. तिच्या तोंडावर असं काय व्हतं म्हणून सांगू. पोत्यावर बसलेली बाई पण ताठ बसलेली. वाटंनं जाणाऱ्यांना म्होरून हाक मारायची, "ईरीला पाणी हाय का गं?"

गावानं बगितलं. मायनं बगितलं. आन् मायच्या हिशोबानं सगळं उलटं झालं. आदी म्हैने चुकायचे तवा थोडी तरी आस असायची. आता दर म्हैन्याला सून पोत्यावर. माय शेजारणीला म्हणली, "तेवढी एक आशा व्हती, तीबी गेली. हकिमानं कूस कायमची बंद केली माझ्या सुनंची." आन् तिनं आष्टीला सांगावा धाडला.

बायकू माझ्याकडं बगायची. मी धोकटीतल्या सामानाकडं. म्या तिला म्हणलंबी, "सांगतो. येळ बगून सांगतो." ती म्हणली, "येळ संपत आली." मी म्हणलो, "मंग तूच सांग की." त्यावर तिनं असं बगितलं की मी उठून कोणाची दाढी हाय का बगायला गेलो. बाजाराचा दिस न्हवता, कोणाची न्हवती.

आष्टीहून बाईचा भाऊ आला, संगं त्याचा चुलता. लिंबाखाली सतरंजी टाकली. पाटील, गावची चार माणसं. माय दाराच्या आत, बायाबी आत. माझ्या डोक्याला नवा पटका. सुपारी मधी ठिवलेली, चुलत्याच्या हातात अडकित्ता. सुपारी फुटली की सोयरीक पक्की.

भाऊ सरळ माणूस व्हता. त्यानं माझ्याकडं बघून इचारलं, "पयलीला लेकरू व्हत न्हाई, हे खरं ना? माझ्या भनीला सवतीवर द्यायची म्हणून इचारतो."

पाटील म्हणले, "खरं. सगळ्या गावाला ठावं हाय."

म्या म्हणलं, "थांबा जरा. अजून कोणालाच कायबी ठावं न्हाई."

सगळे हसले. त्यांना वाटलं, आता काडतो इनोद. पाटील म्हणले, "बोल बे, बोल." मी तोंड उघडलं तर आतून खरोखर इनोदच वर यायलता. त्याला म्या मागं ढकललं.

"माझी बायकू दर म्हैन्याला बाहीर बसायली," मी म्हणलो. "आता बरोबर बसायली. म्हंजी तिचं बी पिकायलं. आदी पिकत न्हवतं, अडकायचं, म्हणून बसत न्हवती. आपुन म्हणायचो पोटुशी हाय. ती पोटुशी न्हवती. आता बसती म्हंजी आता लेकरू व्हईल. व्हईल म्हणून हकीम नक्की म्हणला न्हाई, पण आता व्हऊ शकतं, आदी व्हऊच शकत न्हवतं."

कोणी हसलं न्हाई. चुलत्याच्या हातातून अडकित्ता पडला. आत बायांच्या बांगड्या वाजल्या, माझी माय "आगं माय" म्हणून खाली बसली.

आन् मला थांबताच येईना. बोलायला लागलो की हात चालतेत माझे, धंद्याची सवय. दोन्ही कुशींना हात लावून दाखवायलो, कणीस कसं भरतं, कसं अडकतं. नवा पटका घातलेला बाप्या, भर माणसांत, स्वतःच्या पोटावर बोटं ठिवून बाईचं बी दाखवायलाय. माझं मलाच वरून दिसायलतं. तोंड तापून लाल झालतं आन् तोंड चालूच.

भाऊ उठला. "आरं, आत बाया हायेत," म्हणला. "ज्या घरचा माणूस चारचौघांत बायकूचा इटाळ सांगतो, त्या घरी माझी भन द्यायची न्हाई. फुडं हिचाबी सांगंल." चुलत्यानं सुपारी परत पिशवीत टाकली. दोघं गेले. चहा-पाणीबी न घेता.

पाटील लई भडकले. "लाज धर की बे जरा!"

म्या म्हणलं, "धरलीच व्हती की पाटील, इतके दिस. त्या लाजंपायीच हितवर आलंय."

हकिमाचं बोलणं कोणाला पटलं म्हणून सोयरीक मोडली असं न्हाई. माझ्या निर्लज्जपणापायी मोडली. गावात लई दिस माझ्याकडं दाढीला बसायला लोक कचरायचे. उगाच ह्यो आपल्या घरचंबी काडायचा.

माय माझ्याशी बोलंना. "त्याला सांग, भाकर झाली." "त्याला सांग, म्हशीला पेंड न्हाई." सगळं सुनंच्या तोंडून. मंग एकदा मी गोठ्यात म्हशीखालचं काडत व्हतो आन् भिंतीपल्याड दोघींचं बोलणं ऐकू आलं. बायकू पोत्यावर, माय दूर दगडावर.

"तुला ठावं व्हतं तर मला कावून सांगितलं न्हाईस?"

"म्या सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, सवत टाळायला सोंग करायली."

माय म्हणली, "म्हणले असते." मंग, "आन् त्यानं?"

"त्यांना तुमच्याम्होरं लाज वाटायची."

"त्याला?" माय म्हणली. "लाज? त्याला?" आन् माय हसायला लागली. सून बी हसायला लागली. दोघी हसायल्या, पदर तोंडात कोंबून. मी शेणाची पाटी घेऊन तसाच हुबा. पाटी डोक्यावर हाय हेबी इसरलो.

त्याच्या फुडं मायनं सुनंला घालून-पाडून बोलणं सोडलं. सवतीचं नाव काडलं न्हाई, पण आस धरलेलीबी दिसायची न्हाई. ज्वारी पोटरीला आली. आन् बायकूचं बाहीर बसणं परत थांबलं.

एक म्हैना गेला, म्या बगितलं. दुसरा गेला. माझं काळीज खाली गेलं. म्हणलं, अडकलं परत. आता मी हकिमाचा शागीर्द झालतो ना! तिला म्हणलं, "तू गुपचूप गूळ खायली का?" ती म्हणली न्हाई. "मंग चालणं कमी झालं तुजं." तिला लांबच्या रानात कणसं मोडायला धाडायला लागलो. सरपणाची मोळी मोठी बांधून दिली. ती एकदा वकली, म्या काढ्यात जिरं दुप्पट केलं. भाकर कमी केली. ती बघायची माझ्याकडं, तोंड उघडायची, मिटायची. आदी इतक्या खेपा खोटं पडलेलं. तिलाच धीर व्हत न्हवता, नक्की झाल्याबिगर तोंडातून काडायचा. माय तेवढी मोळी बघून एकदा म्हणली, "एवढी कावून?" म्या म्हणलं, "तुला न्हाई कळायचं ते, माय."

खळी सुरू झाली तवा मी बलुत्याची ज्वारी मागायला खळ्या-खळ्यावर फिरत व्हतो. एका खळ्यावर ती राबायली व्हती, कणसांचे ढीग वडत. बैलं फिरायली, माणसं-बाया भवती. म्या तिथंबी जाऊन म्हणलं, "बसू नको, बसू नको. हकीम काय म्हणला? बिठाके मत रख. सांजच्याला उतारावरनं एक मोळी आणून टाक, अडकलेलं सुटंल."

तिनं हातातलं दाताळं खाली टाकलं. कंबरंवर हात ठिवून माझ्याकडं बगितलं. मंग माझा हात धरला, भर खळ्यात, सगळ्यांदेखत, आन् वढून आपल्या पोटावर ठिवला. आतून कायतरी हाललं. माशानं शेपूट मारल्यावानी, एकदा, मंग परत.

"ह्याला सांगा," ती म्हणली, "अडकलाय म्हणून."

खळ्यावरचे सगळे आमच्याकडं बगायले. बैलं थांबली. मी लाजंनं हात मागं घेतला. तिनं तो परत वढला आन् परत तिथंच ठिवला.